घात आली, घात झाला

फेब्रुवारी लागला की आमच्या कॉलेजच्या जिन्यात कांद्याचा वास सुटतो. इंदापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात चाललीय आणि हा वास म्हणजे माझ्या लेखी प्रात्यक्षिक परीक्षेची घंटा. एकेक पोर पिशवीतून कांदा काढतं, चिमट्यानं त्याचा पापुद्रा सोलतं, काचपट्टीवर पसरतं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणतं, "मॅडम, कायच दिसंना." दिसणार कसं? नेमका जो डोळा लावायचा तोच मिटलेला असतो! अख्खा तालुका कांदा पिकवतो, तरी एखादा महाभाग मोकळ्या हातानं येतोच. त्याला मी माझ्या जेवणाच्या डब्यातला कांदा देते, आणि देता देता चार शब्द सुनावूनही घेते.

खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, वर गाणं लावलेलं, असं की वर्गात मला फळ्याशी बोलल्यासारखं बोलावं लागतं. वाऱ्याची दिशा फिरली की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास येतो. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं, त्याची काळी कात्रणं उडत येऊन पोरींच्या पांढऱ्या ॲप्रनवर बसतात. पोरी वैतागतात. मी मात्र कांदा आणि मळी असे दोन्ही वास एकदम आले की हातातला पेन तसाच धरून बसते. असलाच एक फेब्रुवारी माझ्या आयुष्यात अर्धा राहून गेलाय.

त्या वर्षी मी बारामतीला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि लाल कांद्याच्या पापुद्र्याला विजेचे झटके देत होते. हसू नका. आमच्या वसतिगृहातल्या पोरीही हसायच्या. "काय गं मंगल, कांद्यानं काय गुन्हा केला?" पण त्या कामात मी इतकी बुडाले होते की जेवणाची घंटासुद्धा ऐकू यायची नाही.

गोष्ट साधी आहे. जिवंत पेशीला बाहेरून एक पातळ पडदा असतो आणि आत आणखी लहान-मोठे पडदे असतात. लाल कांद्याचा जांभळा रंग आतल्या पडद्याच्या एका पिशवीत भरलेला असतो. त्या पिशवीला पुस्तकात 'रिक्तिका' म्हणतात. म्हणजे रिकामी! रंगानं, पाण्यानं, साखरेनं तुडुंब भरलेली आणि नाव काय, तर रिकामी. ज्यानं नाव ठेवलं त्याला काही दिसलंच नसावं. तर या पेशीच्या दोन बाजूंना तारा ठेवून विजेचा झटका दिला की बाहेरच्या पडद्यावर ताण येतो आणि त्याला बारीक भोकं पडतात. झटका आखूड आणि बेताचा असला तर ती भोकं आपोआप मिटतात, पेशी जगते. झटका लांबला की मिटत नाहीत. मग आतला पडदाही जातो, जांभळा रंग सगळीकडं पसरून फिकटतो आणि पेशी मरते.

यात एक गंमत आहे आणि मला तिचंच वेड लागलं होतं. सावकाश येणारा झटका बाहेरचा पडदा आपल्या अंगावर घेतो. त्याला सावरायला वेळ मिळतो आणि आतल्यांना तो झळ लागू देत नाही. पण झटका अतिशय आखूड असला, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपणारा, तर बाहेरचा पडदा सावध व्हायच्या आतच तो थेट आत पोचतो. बाहेर सगळं धड आणि हलतो तो आतला पडदा. आमच्या कॉलेजात फिजिक्सवाल्यांनी जोडून दिलेला एक खोका होता. त्याच्यातून निघायचे ते सगळे झटके लांबुडके, आडदांड. माझ्या पेशी धडाधड मरायच्या. असला आखूड झटका देणारं यंत्र दक्षिणेतल्या एका संस्थेत होतं. तिथं त्यावर काम करणाऱ्या बाईंना मी माझं काम कळवलं आणि त्यांनी मला मुलाखतीला बोलावलं. निवड झाली असती तर पुढची चार-पाच वर्षं मी त्या यंत्रासमोर बसून आतला पडदा बघितला असता. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. खरंच नको होतं.

पण तात्यांना विचारल्याशिवाय मी जाणार नव्हते. भीती होती म्हणून नव्हे. आमच्या घरात नांगर धरायचा की नाही इथपासून शेळी विकायची की नाही इथपर्यंत सगळं तात्यांच्या तोंडून यायचं, आणि ते तोंडून आलं की मग सगळ्यांच्या अंगात बळ यायचं. मला ते बळ हवं होतं.

तात्या म्हणजे माझे वडील. सणसरला आमचं रान. ऊस, कांदा आणि उन्हाळ्यात थोडा भुईमूग. माणूस असा की एक वाक्य बोलायला गावाला वळसा घालील. जेवायला वाढलंय एवढं सांगायलाही आधी पाऊसपाण्याची गोष्ट. मुलाखतीचं सांगितलं तेव्हा बराच वेळ टॉवेलनं पाय पुसत राहिले. मग म्हणाले, "घात येऊ दे. मग बघू."

घात म्हणजे आमच्याकडं रानाची ती वेळ. पाणी दिल्यावर रान आधी चिखल असतं, मग एकदा वाळून ढेकूळ होतं. मधे थोडका काळ असा येतो की माती हातात दाबली तर गोळा होतो आणि सोडली तर फुटतो. ना वली, ना कोरडी. त्या वेळेला घात आली म्हणतात, आणि तेव्हाच पेरायचं. गेली की गेली.

त्यानंतर मी दर रविवारी घरी गेले की दारातूनच विचारायची, "तात्या, आली का घात?" ते म्हणायचे, "अजून वल हाय." आई चुलीपाशी हसायची. आमचा तो खेळच झाला होता. पण मुलाखत जवळ यायला लागली तसं माझं हसू आटलं.

जानेवारी सरता सरता तात्या एकदा प्रयोगशाळेत आले होते. बारामतीला कसल्याशा कामाला आले आणि येताना शेतातला लाल कांदा पिशवीभर घेऊन आले, माझ्यासाठी. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, मोठ्या शहरात वाढलेल्या. त्यांनी तात्यांना खुर्ची दिली. तात्या टोपी काढून सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"भिंत बांधलीया जणू. वीट न् वीट दिसतीया," ते म्हणाले.

मी झटका दिला. जांभळी वीट फिकटली.

"आरं! रंग गेला की. जित्ती हुती व्हय ही?"

"व्हय, तात्या. झटक्यानं तिच्या पडद्याला भोक पडलं."

"मग मिटंल का परत?"

"झटका आखूड असता तर मिटलं असतं. लांबला."

तात्या सरळ झाले. डोळा चोळत म्हणाले, "म्हंजी घातीचंच काम हाय हे बी." मॅडम नुसत्या हसल्या. त्यांना वाटलं असावं, तात्या काहीतरी वाईट बोलले. आमच्याकडं घात म्हणजे काय ते मी सांगायला हवं होतं का, असं नंतर कितीदा वाटलं. पण तेव्हा कशाला सुचतंय! तात्यांना माझं काम कळलं या आनंदातच मी होते.

मुलाखतीला जायची गाडी दौंडहून संध्याकाळची होती. बॅग भरून कॉटखाली ठेवलेली, मैत्रिणीनं तिकीटही काढून आणलेलं आणि मी मात्र सकाळपासून प्रयोगशाळेत कांदे सोलत बसलेली. रविवारी तात्या म्हणाले होते, "भुईमुगाच्या रानाला पाणी दिलंय. बघू." त्या 'बघू'वर मी चार दिवस काढले. आईला ताप होता, ती काळजी वेगळीच. तात्यांचा निरोप आला नाही तर जायचं नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. हट्टच म्हणा.

दुपारी मॅडम आल्या. डोळे पाण्यानं भरलेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मंगल, तुझ्या घरून ऑफिसात फोन आला होता. तुझे वडील होते. नीट ऐकू येत नव्हतं गं. घात झाला म्हणाले. थांबू नकोस म्हणाले, लगेच नीघ म्हणाले."

तेव्हा फोन खिशाखिशात नव्हते. गावात डेअरीशेजारी एक बूथ होता आणि आमच्याकडं बूथवरून फोन म्हणजे मयतच. तात्यांनी त्याआधी उभ्या आयुष्यात मला कधी फोन केला नव्हता. माझं धाबं दणाणलं. आई, आई एवढंच डोक्यात. बॅग कॉटखाली राहिली. ॲप्रन अंगात तसाच. स्टँडवर इंदापूरची एसटी लागलेली होती, तीत चढले.

दौंड एका दिशेला आणि सणसर दुसऱ्या. पण हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

ती एसटी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं अशी चालली की काय सांगू. ट्रॉलीतून निसटलेली उसाची कांडी चाकाखाली काडकन मोडायची आणि मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरायची. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाय, रडू नगंस. कोण गेलं?" मी म्हणाले, "आई." तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि स्वतःही रडायला लागली. तिची माझी ओळख ना पाळख.

फाट्यावर उतरून मी रानातनं पळत सुटले. लांबून बायका दिसल्या, भुईमुगाचे दाणे मातीत टोकायला वाकलेल्या. त्यांच्यातली एक उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती माझी आई होती. ताप उतरलेली, तोंडात सुपारी असलेली, धडधाकट आई! तेवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही, हेही सांगून टाकते.

मग बांधावरून तात्या आले. हात मातीचे.

"तू हितं कशी? गाडी सुटंल की गं!"

"तुमीच फोन केलात ना? घात झाला म्हणून?"

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "झाला न्हाय गं बाय. आली. आली म्हणालो मी."

सकाळी त्यांनी भुईमुगाच्या रानातली माती मुठीत दाबली होती. गोळा झाला, टाकला, फुटला. बायका टोकायला लावल्या आणि त्याच हातानं ते बूथवर गेले. घरात कुणाला काही बोलले नाहीत. जन्मभर वळसे घालून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी ठरवलं असणार की आज लांबण लावायची नाही. रस्त्यावरनं ट्रॉली गाणं वाजवत चाललेली. ते ओरडले, "पोरीला म्हणावं घात आलीया, थांबू नको, नीघ." पलीकडं मॅडमना 'घात' ऐकू आला आणि पुढचं क्रियापद त्यांनी आपल्या मनानं लावलं. पुस्तकातल्या मराठीत घात होतोच, येत नाही. त्यांचा तरी काय दोष? भल्या मनानंच त्यांनी मला पळवलं. शनिवारवाड्यात 'ध'चा 'मा' झाला म्हणतात तो तरी कुणीतरी मुद्दाम केला होता. आमच्याकडं कुणीच काही केलं नाही.

आळीतल्या आबांची जीप होती. तात्या तसेच मातीच्या पायांनी पुढं बसले, मी मागं. आबा गाडी हाणत होते आणि तात्या प्रत्येक ट्रॉलीला हात करत होते, "बाजूला घे की रं! बाजूला घे!" कारखान्यापाशी ट्रॉल्यांची ही लांब रांग. तात्या खाली उतरून जीपच्या पुढं पळत गेले, वाट मोकळी करत, टोपी हातात धरून. तसं पळताना त्यांना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

दौंडला फलाट मोकळा होता. चहावाला म्हणाला, "ती व्हय? मगाशीच गेली की." दुसरी गाडी थेट दुसऱ्या दिवशी, आणि तोवर मुलाखत होऊन जाणार. तात्या बाकावर बसले. पायाची माती वाळली होती, ती नखानं खरवडत राहिले. मी म्हणाले, "जाऊ द्या तात्या, पुढल्या वर्षी बघू." त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि जीपकडं चालायला लागले. येताना जीपमध्ये आबाच एकटे बोलत होते, पाऊसपाण्याचं.

संस्थेतल्या बाई चांगल्या होत्या. पुढल्या वर्षी ये म्हणाल्या. पण पुढल्या वर्षी त्याच परदेशी गेल्या आणि ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं. मग मला इथली नोकरी लागली, लग्न झालं, इंदापूरची झाले. वाईट चाललंय असं मुळीच नाही. नवरा भला आहे, पोरं हुशार आहेत, आणि कांदा सोलून सोलून माझ्या डोळ्याला आता पाणीही येत नाही. पण कधीतरी मासिकात वाचते की अमक्या ठिकाणी असल्याच आखूड झटक्यांनी पेशीच्या आतले पडदे हलवून दाखवले. रंगीत चित्र असतं. बाहेरचा पडदा अखंड, आत मात्र उलथापालथ. त्या चित्राकडं मी फार वेळ बघत नाही. पान उलटते. मग पुन्हा मागं येते.

नकाराची तयारी करून मी चार दिवस बसले होते. तात्या नको म्हणाले असते तर ते मी बाहेरच्या बाहेर झेललं असतं, रडले असते, भांडले असते. पण 'घात झाला' हे दोन शब्द असे आले की झेलायला वेळच मिळाला नाही. ते थेट आत गेले. आमच्या घरात त्यानंतर कुणी कुणावर चिडलं नाही, कुणी त्या दिवसाचा विषय काढला नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं धडच दिसलं असतं. आतलं कुणी बघायचं? तसलं यंत्र आमच्याकडं कुठं होतं!

एक गोष्ट मला मात्र फार उशिरा कळली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एकदा माहेरी गेले होते, तेव्हा तात्या गड्याला म्हणाले, "वाफसा आला का बघ रं." मी आईकडं बघितलं. वाफसा म्हणजे घातच; हा शब्दही आमच्याकडं आहे, पण तात्यांच्या तोंडात कधी नव्हता. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या दिसापासनं त्यो शब्द टाकलाय त्यांनी. एकदा बी न्हाय काढला तोंडातनं." माझा घास हातातच राहिला. पेरणी त्यांची दरसालची, आणि दरसाल एका शब्दाला वळसा घालून ते पेरत आले होते. मला वाटत होतं, त्या दिवशी जे गेलं ते माझं एकटीचं गेलं.

परवा रविवारी सणसरला गेले होते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी ऋतुजा, तिला कोचीला प्रवेश मिळालाय, माशांचं शिकायला. घरात नुसता गोंधळ. भाऊ म्हणतो लांब आहे, वहिनी म्हणते तिथं जेवायचं काय. शेवटी ऋतुजाच उठली आणि ओट्यावर तात्यांच्या बाजेपाशी जाऊन बसली. तात्यांना आता नीट ऐकू येत नाही. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "तात्या, मासं शिकायला जाऊ का? कोचीला!"

"माशांचं? आपल्या कॅनॉलात न्हायती व्हय मासं?" तात्या म्हणाले. सगळे हसले. मला वाटलं, झालं, आता पाऊसपाण्याला वळसा. समोर भुईमुगाच्या रानाला पाणी देऊन चार दिवस झाले होते. माती वरून सुकत आली होती. तात्या तिकडं बघत होते, आणि मी तात्यांकडं.

"जा," ते म्हणाले.

ऋतुजा हसली. "बरं तात्या."

"बरं न्हवं. हिकडं बघ." त्यांनी तिचं मनगट धरलं. "जा म्हणालो मी. काय म्हणालो?"

"जा म्हणालात."

"परत सांग. मोठ्यांदा."

"जा म्हणालात, तात्या!" ती ओरडली. तिला ती म्हाताऱ्याची गंमत वाटत होती. भाऊ-वहिनीही हसत होते. आई मात्र आत निघून गेली.

तात्यांनी तिचं मनगट सोडलं आणि मान वळवून मला शोधलं. मी खांबाशी उभी होते.

"तू बी ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं, तात्या," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून जवळ जाऊन पुन्हा म्हणाले.